उलटी वाचलेली विहीर

पनवेल
५ जानेवारी २०२५

बेटा फुजैल,

मामूचा सलाम आणि पोटभर दुवा.

परवा तुझा फोन आला तेव्हा तुझी अम्मी शेजारी बसून पोपटीसाठी वालाच्या शेंगा निवडत होती, म्हणून गप्प बसलो. आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून लिहितोय. तू म्हणालास, "मामू, नवीन टॉवर मिळालाय, खूप उंच आहे." बाबा रे, टॉवरवरून तू जेव्हा जेव्हा फोन केलास तेव्हा तुझ्या मागे वारा फडफडत असायचा. कधी कधी तर वारा जास्त आणि तू कमी. परवा वारा नव्हता. उलट तुझं प्रत्येक वाक्य संपलं की त्याची शेपटी फिरून परत येत होती. टॉवरला आवाज परत पाठवणारी भिंत नसते. भिंत विहिरीला असते.

मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस. पुढचं शिक्षण कानांनी घेतलं. उरणच्या धक्क्यावर काथ्याचे दोर खांद्यावर टाकून विकायचो, तेव्हा कोळी लोकांनी शिकवलं, की दोरावर सोसवेना इतका भार आला की तो आधी कुरकुरतो, मग तुटतो. माणूसही खोटं बोलायच्या आधी कुरकुरतो. तू कुरकुरलास.

तेव्हा सरळ विचारतो. तू जमिनीखाली उतरतोयस का?

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, तरी देतो. ओवे गावच्या विहिरीत गाळ काढणारा बेशुद्ध पडला, त्याला वर आणायला तुझे अब्बा मकबूल दोर बांधून उतरले आणि दोघंही वर आले ते चादरीत. तू तेव्हा आईच्या पदराला धरून उभा होतास. मोठा झालास, दोरावर लटकायचं काम शिकलास, तेव्हा सकीनाने तुझ्याकडून कसम घेतली: वर हवा तितका चढ, जमिनीच्या खाली पाय टाकू नकोस. मी साक्षीदार होतो.

फोन करू नकोस. फोन आला की ती स्पीकरवर टाकते. लिही.

तुझा मामू,
रहीम


पठारावरचा कॅम्प, ओमान
११ जानेवारी

मामू, सलाम.

तुमच्या कानांपुढे हात टेकले. हो, खाली आहे. फोन केला तेव्हा आम्ही गावाजवळच्या एका लहान भोकात सराव करत होतो. तिथे काठाजवळ रेंज मिळायची. आता पठारावर आलोय, इथे तीही नाही.

ही गुहा आहे, पण आपल्या घारापुरीसारखी चालत आत शिरायची नव्हे. ही उभी आहे. सपाट माळावर एक भोक. त्याखाली विहीर. विहिरीच्या तळाला बाजूने एक फट, फटीतून सरपटत गेलं की दुसऱ्या विहिरीचा काठ. अशा विहिरींखाली विहिरी. तळ अजून कुणी पाहिलेला नाही. आत थंडीही कडक. दगडांचा अभ्यास करणाऱ्यांना तिथवर जायचंय. त्यांच्यापुढे जाऊन दोर लावायचं काम माझं आणि सुदामचं. आपलाच सुदाम, जो मधाची पोळी काढायला तुमच्याकडून दोर न्यायचा आणि ज्याला तुम्हीच इकडे माझ्या हाताखाली धाडलात, तो.

काम सांगतो. काठावर ड्रिलने भोकं पाडायची, खिळे ठोकायचे, दोर बांधायचा आणि त्यावरून उतरत जायचं. जिथे दोर दगडाला टेकेल असं वाटतं तिथे थांबून नवा खिळा, म्हणजे तिथून पुढचा दोर पुन्हा मोकळा लोंबेल. दोराचा वैरी वजन नाही, घासणं. हे तुम्हीच मला दुकानात शिकवलंत. परतताना त्याच दोरावरून पायाला आणि कमरेला चिमटे लावून वर चढायचं. उतरणं हा खेळ आहे, मामू. चढणं हाच खरा पगार.

टॉवरचं कंत्राट संपलं होतं, घरी पाठवणार होते, म्हणून हे घेतलं. हे एक कारण. दुसरं असं, की मला हे आवडतं. अब्बा जिथे राहिले तिथून मी रोज परत येतो. हे अम्मीला सांगता येणार नाही.

कॅम्पला सामान आणि पाणी आणणारा हमूद नावाचा ड्रायव्हर आहे. तो चिठ्ठीचा फोटो काढून खाली रेंजमध्ये गेला की तुम्हाला पाठवेल. तुमचं उत्तर त्याच्या फोनवर येईल. अम्मी चिठ्ठी ऐकायला मागणारच. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, वाचून तुम्हीच दाखवता. वाचताना जरा फिरवून घ्या. एवढी मेहरबानी करा.

फुजैल


पनवेल
१३ जानेवारी

बेटा,

चिठ्ठीचा फोटो आला. कोपऱ्यात हमूदचा अंगठाही आला. चांगला जाडजूड, कष्टाळू अंगठा आहे. त्याला सलाम सांग.

तुझी विहीर मी उलटी करून वाचली. "उतरत जायचं" आलं की "चढत जायचं". काठाची गच्ची केली. "तळ कुणी पाहिलेला नाही" इथे अडलो, मग म्हटलं, "टोक अजून बांधून झालेलं नाही." तुझी अम्मी पापड लाटत ऐकत होती. म्हणाली, "इतका उंच बांधतात तरी कशाला?" म्हटलं, "अरब लोक आहेत, त्यांना आपल्यासारखं खांदा कॉलनीतल्या दोन खोल्यांत थोडंच भागतं?" हसली. तू लिहिलेल्या थंडीचं काय करावं सुचेना. ती म्हणाली, "उन्हात टॉवरवर कसली थंडी?" म्हटलं, "उंचावर गार असतं, महाबळेश्वर नाही का?" वेळ निभावली. चाळीस वर्षं बाजारात बसलोय, एवढं जमतं.

पण खरी पंचाईत दिपाने केली. सुदामची बायको ती. वाडीवरून भाजी घेऊन आली होती, ती दुकानाच्या मागे घरात शिरली आणि सकीनासमोर म्हणाली, "आमचं मानूस तं जमिनीच्या पोटात शिरलंय म्हनं, काय गो हे काम!" मला असा खोकला आला की गल्ल्यावरचा चहा सांडला. सुदामने बायकोला सगळं खरं सांगितलंय. आपल्या मुसलमानाच्या पोराला जमलं नाही ते त्या ठाकराच्या पोराला जमलं. दिपाला बाहेर नेऊन समजावलं. ती म्हणाली, "मी नाय बोलनार. पर मावशीला फसवताव तं नीट फसवा."

आता कामाचं. कागदावर सल्ला देणं म्हणजे काठावर उभं राहून पोहायला शिकवणं, तरी देतो. नवा नायलॉनचा दोर आहे ना? रिळावरून काढून तसाच कापू नका. आधी पाण्यात बुडवून ठेवा, वाळवा, मग मोजून कापा. नवा दोर पहिलं पाणी प्यायला की आखडतो. लांब दोर तर दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांची उंची, सहज चोरतो. मच्छीमार हे पोरालाही शिकवतात.

मामू


कॅम्प
२० जानेवारी

मामू,

दोर भिजवायचा कशात? इथे प्यायचं पाणी हमूद टाकीतून आणतो आणि तोंड धुताना मोहिमेचे साहेब घड्याळाकडे बघावं तसे आमच्याकडे बघतात. मी त्यांना तुमचं म्हणणं सांगितलं. ते हसले. म्हणाले, या गुहेत वर्षानुवर्षं थेंब पडलेला नाही, दोर भिजणारच नाही तर आखडेल कशाला? मग मी कोरडाच कापला.

आज शेवटच्या विहिरीच्या काठाला पोचलो. शेवटची असं आम्हाला वाटतंय. सुदामने दगड सोडला. वाट बघत बघत त्याने खिशातून गोळी काढली, कागद सोडवला, तोंडात टाकली, तेव्हा आवाज आला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. ही विहीर आतून घंटेसारखी आहे, वर तोंड लहान आणि खाली भिंती लांब जातात. म्हणजे मध्ये कुठे टेकायला भिंत नाही, खिळा मारायला जागा नाही. एकाच अखंड दोरावर वरून खालपर्यंत. आमच्याकडचा सगळ्यांत लांब तुकडा सोडला तर तो तळाला जेमतेम टेकला. दिव्यात टोकाची गाठ दिसते.

तिथे शब्द चालत नाहीत. वरून "थांब" ओरडलं तर खाली नुसती गडगड पोचते. म्हणून शिट्ट्या. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे दोर मोकळा आहे, ये. गळ्यात लाल शिट्टी असते, शाळेतल्या पीटीच्या मास्तरासारखी. सुदामला तिचा फार अभिमान आहे.

आधी तो उतरणार. मी म्हटलं मी जातो, तर म्हणतो, "तुला आईची कसम हाय, मला कुनाची नाय." त्याला सगळं माहीत आहे. मी काठावर बसणार.

फुजैल


पनवेल
२२ जानेवारी

बेटा,

साहेबांना सलाम सांग आणि सांग, की पाणी नाही हे कारण समजलं, पटलं नाही. जेमतेम पोचलेला दोर हा पोचलेला दोर नसतो. गाठीखाली चार वाव शेपूट पडून राहिलं पाहिजे. हात पसरून मोज, एक वाव म्हणजे एक माणूस. दुसरा तुकडा असेल तर जोडून घ्या, नसेल तर हमूदकडून मागवा, तोवर कुणी उतरू नका. मी इथे दुकानात दोरांच्या ढिगावर बसलोय. भिंतीला टेकून बसलो तरी पाठीला दोर लागतो. आणि तुला एक वाव देऊ शकत नाही.

चिठ्ठी वाचून दाखवली. घंटेसारखी विहीर म्हणजे वर निमुळता होत गेलेला मनोरा केला. शिट्टी तशीच ठेवली, टॉवरवरही वाजवत असतीलच. तुझ्या अम्मीने मध्येच विचारलं, "भाईजान, हा दमतो कधी? कामाला जाताना की घरी येताना?" म्हटलं, "येतानाच की, कोण माणूस कामाला जाताना दमतो?" ती "हं" म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला. कुठल्या कुठे विचार जातात बाईचे.

शेपूट ठेवा. विसरू नकोस.

मामू


विहिरीचा काठ
३१ जानेवारी

मामू,

हे मोजणीच्या वहीच्या कागदावर लिहितोय. हा ओला झाला तरी फाटत नाही. वर जाणाऱ्या माणसाकडे देतोय.

तुमची चिठ्ठी मिळाली तेव्हा जादा दोर मागवला होता. तो यायच्या आधीच साहेबांनी काम चालू करायला सांगितलं. सुदाम उतरला. तळाला पोचला, दोन शिट्ट्या आल्या, दोर मोकळा. मी दोर हातात घेतला आणि वरच्या फटीतून आधी वास आला. ओल्या मातीचा. वर पठारावर पाऊस झाला होता. आम्हाला इथे ढग कसा दिसणार? मग पाणी आलं. मी बाजूच्या कपारीत घुसलो म्हणून आहे. ते सगळं पाणी आमच्या दोरावरूनच खाली पडत होतं.

पाणी कमी झाल्यावर मी दिवा सोडला. सुदाम दगडांच्या ढिगावर बसलाय, भोवती पाणी आहे, हात हलवतो. आणि दोराची गाठ त्याच्या डोक्याच्या वर आहे. फार वर. त्याने उडी मारून पाहिली. एकदाच, मग बसला. पायाला काहीतरी झालंय.

दोर पाणी प्यायला, मामू. तुम्ही सांगितलं होतं.

जादा दोर आता आलाय, माझ्या मांडीवर आहे. तो टोकाला जोडला तर पोचेल. पण धार अजून दोरावर पडतेय, आणि वरून निरोप आहे की बचावाची टीम निघाली आहे, तोवर कुणीही उतरायचं नाही. निरोप मी ऐकला नसता. मी निघालोही होतो. पण खालून शिट्टी आली. एक.

एक म्हणजे थांब. मी थांबलो. थोड्या वेळाने पुन्हा एक. मी पाय पुढे टाकला नसतानाही येते. तो मला थांब म्हणतोय, की ती नुसती हाक आहे? त्याला वरून पडणारी पाण्याची धार दिसत असेल, म्हणून अडवत असेल. सुदाम तसाच आहे. पण दमलेल्या माणसालाही एकच जमेल. खूप वेळ झाला, मला ठरवता येत नाही. पाण्याच्या आवाजात नीट ऐकू येत नाही. तुमचे कान इथे असते तर कळलं असतं. ऐकू येते ती काढून दाखवतो:

————

पुन्हा, बऱ्याच वेळाने:

————

मी उतरू का? अम्मीला विचारा. आता फिरवू नका, खरं सांगून विचारा. ती म्हणेल ते करतो.

फुजैल


पनवेल
१ फेब्रुवारी

बेटा फुजैल,

फोटो आला. अंगठा चिखलाने माखलेला आहे, अक्षर पुसट झालंय, पण वाचलं.

मी घरात गेलो तेव्हा दिपा सकीनाजवळ बसलेली होती. सुदामचा काही निरोप नाही म्हणून वाडीवरून आली होती. मी म्हटलं, "सकीना, आज जरा वेगळं वाचतो." ती म्हणाली, "सरळ वाचा भाईजान. विहिरीतलं आहे ना?"

मी उभाच राहिलो. ती म्हणाली, "टॉवरवर जाणारा जाताना दमतो आणि येताना सुटतो. माझा पोरगा घरी येताना दमतो. जो घरी येताना चढतो, तो खालीच गेलेला असतो. तुम्ही इतक्या मेहनतीने वाचत होता, म्हणून बोलले नाही. 'चढला' म्हणताना तुमचा श्वास अडकतो, ते तुम्हाला ऐकू येत नाही का?" मला नाही आलं, बेटा. साऱ्या पनवेलचं ऐकू येतं.

मग वाचलं, सरळ, शेवटपर्यंत. दिपाने मध्येच एकदा विचारलं, "पानी किती हाय?" कागदावर लिहिलेलं नव्हतं.

तुझा प्रश्न वाचला. सकीना म्हणाली, "तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. ते परस्पर उतरले. इतकी वर्षं मी म्हणत आले, की कुणी विचारलं असतं तर अडवलं असतं. आज विचारलंय." आणि तिने मान वळवली तर समोर दिपा. दिपा तिच्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती, बोटाने लादीची फट कोरत होती. तिच्या तोंडून एकदाही "जाऊ द्या त्याला" निघालं नाही. निघालं असतं तर बरं झालं असतं, सकीनाला निदान नाही म्हणता आलं असतं.

शेवटी सकीना म्हणाली, "लिहा, अम्मीने काही सांगितलं नाही. हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही." तेच लिहितोय. माझं मत विचारशील तर मीही त्याच लादीवर बसलोय.

शिट्टीचं मात्र सांगू शकतो. तू काढलेल्या रेघा मी फोन कानाजवळ नेऊन पाहिल्या, इतका वेडा झालोय. रेघेवरून कळत नाही, तिचा शेवट ऐक. थांब म्हणणारा माणूस शिट्टी तोडतो, दाताने दोरा तोडावा तशी. बोलावणाऱ्याची शिट्टी विरते, कारण तो फुंकर संपेपर्यंत सोडत नाही. धक्क्यावर होड्यांचे भोंगे असेच ओळखायचो. हे मी मोठ्याने बोलत लिहिलं, दिपानेही ऐकलं.

तुटत असेल तर थांब. विरत असेल तर तुझं तू जाणतोस.

हे लगेच पाठवतोय.

मामू


पनवेल
३ फेब्रुवारी

बेटा,

हमूदच्या फोनवर पाठवलेल्या चिठ्ठीपुढे अजून एकच टिक आहे. पोचलेली नाही. पावसाने त्यांचा रस्ता गेला असेल. दर थोड्या वेळाने उघडून बघतो, जणू माझ्या बघण्याने दुसरी उमटेल. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात गेलो होतो. तिथल्या पोराने पाणी दिलं, खुर्ची दिली, "काका, आम्हालाही काही कळलेलं नाही" म्हणाला. खरं बोलत होता. खोटं बोलला असता तर बरं वाटलं असतं.

दिपा इथेच राहिली आहे. भाकऱ्या तीच थापते. सकीना तिला सुदामबद्दल विचारत नाही आणि ती सकीनाला तुझ्याबद्दल विचारत नाही. दोघी मिळून मला म्हणतात, जेवून घ्या.

दुकानात दोर घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याला मी विचारलं, "विहिरीसाठी नाही ना?" तो म्हणाला, "म्हशीसाठी." त्याला जास्तच तोडून दिला.

मामू


मस्कत
५ फेब्रुवारी

मामू,

तुमची चिठ्ठी आज वाचली. पठारावरून खाली आल्यावर हमूदने फोन माझ्या हातात दिला आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

विरत होती.

मी थांबलो होतो, मामू. एक म्हणजे थांब, असं धरून बसलो. टीम वाटेत अडकली होती. मग शिट्टी आली नाही. मी वाट बघितली, आली नाही, तेव्हा कुणाला न विचारता उतरलो. टोकाला दोर जोडला. पाण्याची धार होतीच. सोसण्याजोगी होती, सोसली. हे मी आधीही करू शकलो असतो.

सुदाम होता. अंग थंडगार, ओठ निळे, शिट्टी दातांत. डोळे उघडले. मी पहिलं तेच विचारलं, "थांब म्हणत होतास ना?" त्याने मान हलवली. म्हणाला, "दोन मारत व्हतो रं. दुसरीला दम पुरत नव्हता."

माझं जाकीट त्याला घातलं, त्याला माझ्या कमरेच्या पट्ट्याला बांधलं आणि चढायला लागलो. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. सुरुवातीला तो बोलत होता, दिपाने गेल्या हंगामात लावलेल्या काकडीबद्दल काहीतरी. दोर लांब आहे. मध्ये कुठेतरी तो जड झाला. तुम्ही म्हणता ना, भार वाढला की दोर कुरकुरतो. मी ऐकलं. काठ येईपर्यंत मी त्याच्याशी बोलतच राहिलो.

कागदपत्रं झाली की मी त्याला पेटीतून घेऊन येतोय. कंपनीचा फोन दिपाला जायच्या आधी तुम्ही सांगा. सगळं सांगा. मी कोरडा दोर कापला, मी काठावर बसून राहिलो, आणि तो बोलावत होता. हे तिने ऐकलंच पाहिजे. फिरवू नका.

फुजैल


पनवेल
७ फेब्रुवारी

बेटा फुजैल,

फोटो उघडला आणि आधी कोपरा बघितला. अंगठा नव्हता. म्हणजे फोटो तू स्वतः काढलास, रेंजमध्ये आहेस, म्हणजे वर आहेस. एक अक्षर वाचायच्या आधी मी ओरडलो, "सकीना, फुजैल वर आहे!" तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. आणि लगेच काढले, कारण दिपा चुलीपाशी होती. दिपा म्हणाली, "आनि आमचं मानूस?"

मी खाली बसलो आणि वाचायला लागलो. तिला समोर बसवलं, सकीनाने तिचा हात धरला. सरळ वाचलं. कोरडा दोर वाचला, तुझं नाव घेऊन वाचलं. तू काठावर बसून राहिलास, तेही वाचलं. पाणी वाचलं. निळे ओठ वाचले. मग ती ओळ आली.

बेटा, आयुष्यभर मी माल जसा आहे तसा विकला, असं लोक म्हणतात. ती ओळ मी फिरवली, वरचं 'विरत होती' आणि शेवटचं 'तो बोलावत होता' गाळलं. मी वाचलं, "सुदाम म्हणाला, एकच मारत होतो रे. तू येऊ नये म्हणून."

दिपा रडली नाही लगेच. म्हणाली, "असाच हाय तो. पोळं काढायला चढला का मला झाडाखाली उभी ऱ्हाऊ देत नाय. लांब जा म्हनतो, माशा येतील." मग रडली. सकीनाने तिला कुशीत घेतलं. तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होती. मोतीबिंदूने तिला माझा चेहरा दिसत नाही, माहीत आहे मला, तरी मी मान खाली घातली.

दिपाला वाडीवर पोचवून आलो. उशीर झाला तरी सकीना जागीच होती. म्हणाली, "आज वाचताना तुमचा श्वास कुठेच अडकला नाही, भाईजान." पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि आत गेली.

हे मी दिपासाठी केलं की तुझ्यासाठी, मला ठरवता येत नाही. शिट्टी बोलावतेय हे कळलं असतं तर तू थांबला नसतास, हे मला माहीत आहे. तू ते तिला सांगशील तर तुझं मन हलकं होईल, हेही माहीत आहे. पण ते वजन उतरून जाणार नाही, बेटा, फक्त तिच्या अंगावर जाईल. आणि तिला ते घेऊन रोज डोंगर चढायचा आहे. तुला मोठी शिक्षा देतोय. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

जाताना दिपाने एकच मागितलं. ती लाल शिट्टी. "ती आनाया सांगा. कशी मारली ते फुजैलभाऊंनी मला वाजवून दाखवायची."

शिट्टी आण. ती सांगेल तेव्हा तिच्या अंगणात उभा राहा आणि वाजव. एकदाच वाजव. आणि शेवट तोड, बेटा. विरू देऊ नकोस.

तुझा मामू,
रहीम